क्रूझच्या बंदरावर उतरल्यावर: जहाजाची टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

रंकाळ्याचा_वारा
मंडळी, नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सहा जण सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला जातोय. आई-बाबा, आम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी. आईच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत. पेनांगला जहाज दुपारी २ ते रात्री ९ थांबणार, फुकेटला सकाळी ८ ते संध्याकाळी ५. एजंट म्हणतोय, दोन्हीकडच्या टूर जहाजाकडूनच आत्ता घेऊन टाका, नंतर जागा राहत नाहीत. घरातल्यांचं म्हणणं, खाली उतरलं की टॅक्सीवाले उभेच असतात, कशाला माणशी एवढे पैसे घालायचे? दोन्ही बाजू पटतायत, म्हणूनच अडलंय. हे ठरवायचं कशावरून? माहितगारांनी जरा इस्कटून सांगावं.

पायी_पायी
पेनांगला टूर अजिबात घेऊ नका, दादा. जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं आणि हा धक्का जॉर्जटाउनच्या जुन्या शहराला चिकटूनच आहे. २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला भाग तो हाच. गेटबाहेर पाच मिनिटं चाललं की राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, त्याच्या पलीकडे फोर्ट कॉर्नवॉलिस. दहा मिनिटांवर लिटल इंडिया. पाण्यावर खांब रोवून बांधलेली च्यू जेट्टीची घरं साधारण किलोमीटरभर अंतरावर. एवढ्या जवळच्या ठिकाणांसाठी बसमध्ये बसायचं म्हणजे बस भरेपर्यंतच अर्धा तास जातो.

फक्त क्रम नीट लावा. पेरानाकान मॅन्शन (जुना श्रीमंती वाडा), खू काँगसी (खू या चिनी कुळाचं देऊळ) ही आत जाऊन बघायची ठिकाणं साधारण पाचच्या सुमारास बंद होतात. जहाज २ ला लागलं तरी तुम्ही गेटबाहेर पडेपर्यंत पावणेतीन होणार. म्हणून आधी त्या दोनांतलं एकच निवडा आणि थेट तिथे जा. मग आर्मेनियन स्ट्रीट आणि आसपासची भित्तिचित्रं, त्यातली गाजलेली २०१२ मध्ये अर्नेस्ट झाखारेविचने काढलेली आहेत. अंधार पडल्यावर लिटल इंडिया. क्वीन स्ट्रीटवरचं १८३३ सालचं महामारिअम्मन मंदिर तिथेच आहे आणि केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवणही तिथेच. सगळे हे उलट्या क्रमाने करतात आणि साडेपाचला बंद दारासमोर उभे राहतात.

मंगळवार_पेठ
+१. पण आईंसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. जॉर्जटाउनच्या दुकानांपुढे जो झाकलेला पडवीसारखा रस्ता असतो, त्याला तिथे फाइव्ह-फूट वे म्हणतात, तो लांबून बघताना सरळ दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक घराचा ओटा वेगळ्या उंचीचा आहे. दर पंधरा-वीस पावलांना एक पायरी वर नाहीतर खाली, मध्ये कुठे दुचाकी लावलेली, कुठे दुकानाचा माल मांडलेला, की खाली गटारीच्या कडेने रस्त्यावर उतरायचं. गुडघ्यांना हेच जास्त नडतं. चालण्याचं अंतर कमी म्हणून हायसं वाटून घेऊ नका. दोन ठिकाणांच्या मध्ये ग्रॅबची गाडी (आपल्या ओला-उबरसारखी फोनवरून मागवायची टॅक्सी) बोलवा, सहा आसनी मिळते.

शिवाय पेनांगला सप्टेंबर ते नोव्हेंबर पावसाचे दिवस. दुपारनंतर एक जोरदार सर येणार हे धरूनच चाला.

बंदर_बंदर
पायी_पायी यांचं पेनांगपुरतं शंभर टक्के बरोबर आहे. तोच नियम फुकेटला लावलात तर मात्र फसाल. टूर चांगली की वाईट हा प्रश्नच नव्हे. धक्क्यापासून बघायचं ठिकाण किती लांब आणि उशीर झाला तर नुकसान किती, या दोन गोष्टी प्रत्येक बंदराला वेगवेगळ्या तपासायच्या.

आधी वेळेचा हिशोब. फुकेटचे ८ ते ५ म्हणजे नऊ तास, असं छापील पत्रकावरून वाटतं. प्रत्यक्षात:

८ ला जहाज नांगर टाकतं. फुकेटला बहुतेक जहाजं पातोंगच्या खाडीत उभी राहतात आणि लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेतात. (काही जहाजं बेटाच्या दुसऱ्या अंगाला आओ माखामच्या खोल पाण्यातल्या धक्क्याला लागतात. तुमचं जहाज कुठे, हे आधी विचारा.) स्थानिक अधिकाऱ्यांची मंजुरी आल्याशिवाय कुणालाच उतरता येत नाही, त्यात अर्धा तास. मग पहिल्या टेंडर जहाजाची टूर घेतलेल्यांना. बाकीच्यांनी नंबराची चिठ्ठी घेऊन बसायचं. सव्वानऊच्या आत पाय वाळूला लागला तर नशीब चांगलं.

परतीचं बघा. ५ ही जहाज सुटायची वेळ. सगळ्यांनी आत असायची वेळ त्याच्या निदान अर्धा तास आधी, आणि टेंडरचं बंदर असेल तर शेवटची टेंडर त्याच्याही आधी. समजा ४ ला. त्या रांगेसाठी आणि वाटेतल्या खोळंब्यासाठी एक तास हाताशी ठेवला तर ३ ला जेट्टीवर हवं. म्हणजे तुमच्या हातात नऊ नाही, पावणेसहा तास. त्यातून येण्याजाण्याचा रस्ता वजा करा आणि मग काय बघायचं ते ठरवा.

पातोंग ते फुकेटचं जुनं शहर साधारण पंधरा किलोमीटर, पण मध्ये घाटाचा रस्ता आणि वाहतूक. एका बाजूला चाळीस मिनिटं ते तास. जमण्यासारखं आहे. फी फी बेटं मात्र स्वतःच्या जिवावर करू नका. आधी रस्त्याने बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर जायचं, तिथून स्पीडबोटीने तासभर, आणि तेवढंच परत. चार तास नुसते प्रवासात. एक बोट उशिरा सुटली की सगळं गणित कोलमडलं. जायचंच असेल तर जहाजाच्याच टूरने.

शाहूपुरीकर
पैशाचं गणित असं. जहाजाची टूर माणशी असते, टॅक्सी गाडीमागे असते. एकटा किंवा दोघं असतील तर फरक फार नसतो, कधी टूरच स्वस्त पडते. सहा जण असले की चित्र उलटं. एक व्हॅन दिवसभर ठरवली तर भाडं सहात वाटलं जातं, टूरला मात्र सहा तिकिटं (मुलांना थोडी सूट, तीही सगळीकडे नाही).

दुसरं, एजंट म्हणतो ते अर्धं खरं. चांगल्या टूर भरतात हे खरं. पण बहुतेक कंपन्यांकडे आधी घेतलेली टूर बंदर यायच्या २४ ते ४८ तास आधीपर्यंत रद्द करता येते. ती मुदत लेखी विचारा. मग आत्ता जागा धरून ठेवायला आणि घरी निवांत ठरवायला काहीच हरकत नाही.

कळंबा_कट्टा
सगळे म्हणतात जहाजाच्या टूरला जहाज थांबतं. म्हणजे नेमकं काय? खरंच थांबतं का?

बंदर_बंदर
@कळंबा_कट्टा, चांगला प्रश्न.

टूरच्या गाइडचा जहाजाच्या टूर-डेस्कशी फोनवर संपर्क असतो. बस वाहतुकीत अडकली तर जहाजाला कळतं की चाळीस माणसं अमुक ठिकाणी आहेत आणि इतक्या वेळात येतायत. त्यामुळे शक्य तेवढं थांबतात. फारच उशीर असेल तर कंपनी स्वतःच्या खर्चाने पुढच्या बंदराला पोहोचवते. हमी खरी तर या दुसऱ्या भागाची आहे.

आपापलं फिरणाऱ्यासाठी जहाज का थांबत नाही, यात कुणाचा दुष्टपणा नाही. बंदरातून बाहेर काढायला पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा बंदराचा माणूस, ठरलेल्या वेळी येतो, लागत असेल तिथे जहाज ओढणाऱ्या टगबोटी ठरलेल्या असतात, तीच धक्क्याची जागा पुढच्या जहाजाला दिलेली असते. काही बंदरांत भरती-ओहोटीची वेळ असते. आणि इथे गेलेला तासभर पुढे वेग वाढवून भरून काढायचा तर इंधन जास्त जळतं.

जहाजावर येताना-जाताना कार्ड टेकवावं लागतं, त्यावरून कोण परतलं नाही ते लगेच कळतं. नाव पुकारतात. आला नाही तर काही कंपन्यांचे कर्मचारी केबिनमधली तिजोरी उघडून पासपोर्ट काढतात आणि बंदरावरच्या एजंटाकडे देतात. या एजंटाचं नाव आणि फोन रोजच्या छापील पत्रकात असतो. सकाळी खाली उतरण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा, टूर घेतली असो वा नसो. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा की जहाजावर, हे त्या त्या बंदराच्या नियमावर असतं, आदल्या संध्याकाळी सांगतात.

पुढचं विमान, हॉटेल, लागला तर व्हिसा, सगळा खर्च आपला. तुमच्या सहलीत फुकेट हे सिंगापूरआधीचं शेवटचं बंदर असेल तर थेट सिंगापूरला विमान पकडायचं, एवढाच त्यातल्या त्यात दिलासा.

सागरिका
फुकेटला सगळ्यात जास्त लोक कशामुळे चुकतात माहितीये? घड्याळामुळे.

सिंगापूर आणि मलेशिया एकाच वेळेवर चालतात, थायलंड त्यांच्या एक तास मागे. आता जहाजाने थायलंडसाठी घड्याळ मागे घेतलं नाही, सिंगापूरचीच वेळ ठेवली, असं होऊ शकतं. तुम्ही किनाऱ्यावर उतरता, फोन तिथला टॉवर पकडतो आणि आपोआप एक तास मागे जातो. फोनमध्ये साडेतीन वाजलेले दिसतात, तुम्ही नारळपाणी घेत बसता, जहाजाच्या घड्याळात साडेचार झालेले असतात. शेवटची टेंडर गेलेली असते.

उपाय सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये आपोआप वेळ बदलणं बंद करायचं आणि हाताने जहाजाची वेळ लावायची. घरातल्या एकाने तरी मनगटावर साधं काट्याचं घड्याळ घालावं, जहाजाच्या वेळेचं. पत्रकावर आजची वेळ कुठली ते लिहिलेलं असतं, उतरताना दारातल्या माणसालाही विचारायचं. आणि टॅक्सीवाल्याला "चार वाजता ने" असं सांगताना त्याच्या घड्याळातले किती, ते बोलून घ्यायचं.

कळंबा_कट्टा
सागरिका ताई, हे लई महत्त्वाचं सांगितलंत. वाचनखूण साठवली.

मंगळवार_पेठ
जहाजाच्या टूरची दुसरी बाजूही येऊ द्या. हमी मिळते, पण बसमध्ये चाळीस-पंचेचाळीस जण असतात. प्रत्येक थांब्यावर उतरायला दहा मिनिटं, चढायला दहा, दोन जण हरवतात त्यांची वाट बघायला आणखी दहा. सहा थांब्यांची चार तासांची टूर असेल तर दोन-तीन तास यातच जातात. त्यात एखाद्या रत्नांच्या, लेदरच्या नाहीतर गालिच्यांच्या दुकानात पाऊण तास. माहितीपत्रकात "स्थानिक कारागिरांची भेट" असं काही लिहिलं असेल तर तो दुकानाचा थांबा धरून चाला.

आणखी शब्द ओळखायला शिका. "पॅनोरमिक" टूर म्हणजे बहुतेक वेळ काचेतून बघायचं, उतरायचं एखाद-दुसऱ्या ठिकाणी. आईंसारख्यांना ती सोयीची, मुलांना कंटाळवाणी. चालण्याच्या श्रमांची खूण, एक ते तीन किंवा माणसाचं चित्र, ती बघा आणि "पायऱ्या किती" हे डेस्कवर विचारा. आकडा सांगतात.

पायी_पायी
म्हणून तर म्हणतो, टूर नकोच. नकाशा डाउनलोड करा, धक्क्याच्या नेमक्या गेटवर खूण ठेवा (मोठ्या बंदरात चार-पाच टर्मिनल असतात, नुसतं "पोर्ट" टाकलं तर ड्रायव्हर भलत्याच गेटवर सोडतो) आणि निघा. आजकाल सगळी माहिती फोनवर मिळते, गाइड कशाला?

पन्हाळगड_प्रेमी
पायी_पायी, इथे मात्र पटत नाही.

पन्हाळ्याचंच घ्या. नुसतं फिरून येणाऱ्याला अंबरखान्याजवळ तीन जाड भिंतींच्या इमारती दिसतात, तो फोटो काढतो आणि पुढे जातो. गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं, धान्य वरून कुठून ओतायचे, वेढा पडल्यावर त्याचा अर्थ काय, हे सांगणारा माणूस बरोबर असला की त्याच भिंतींसमोर माणूस अर्धा तास उभा राहतो. परदेशातले अवशेष तर आपल्याला आणखी अनोळखी. जिथे छप्पर नाही, फलक नाहीत आणि नुसते दगड उरलेत, तिथे माहितगार गाइडला पर्याय नाही. पाँपेई, एफेसस, अथेन्सची अक्रोपोलिस. याउलट जिवंत शहर, बाजार, समुद्रकिनारा, देवळं, तिथे गाइडवाचून अडत नाही. पेनांग त्यातलं.

एफेससचं एक बारीक पण महत्त्वाचं. तुर्कस्तानात कुशादासीच्या बंदरातून ते वीसेक किलोमीटर. जागा उतारावर आहे आणि तिला दोन दारं, वरचं आणि खालचं. टूरची बस वरच्या दाराशी सोडते, लोक संगमरवरी रस्त्याने उतरत सेल्ससच्या वाचनालयापाशी येतात आणि खालच्या दाराशी बस उभी असते. आपापलं गेलेल्याला गाडी जिथे सोडेल तिथेच परत यावं लागतं, म्हणजे तोच चढ एकदा चढायचा. उन्हाळ्यात, गुळगुळीत झालेल्या दगडावरून. आई-वडील बरोबर असतील तर टूर किंवा दोन्ही दारं समजून घेणारा ड्रायव्हर, एवढं नक्की करा.

पायी_पायी
पटलं. अवशेषांना गाइड, बाजाराला पाय. पण तो गाइड जहाजाकडूनच घ्यायला हवा असं नाही ना? सरकारी परवाना असलेला गाइड आणि गाडी असं वेगळं घेतलं तर सहा जणांची स्वतंत्र टूर होते.

पन्हाळगड_प्रेमी
अगदी. तुर्कस्तान, इटली, ग्रीस इथे गाइडकडे परवाना लागतो, तो गळ्यात अडकवलेला असतो. बघूनच घ्यायचा.

बंदर_बंदर
बाहेरच्या टूरवाल्याला विचारायच्या तीन गोष्टी, आणि उत्तरं ईमेलवरच घ्या. जहाजाने हे बंदर वगळलं तर पूर्ण पैसे परत का? (वादळी वारा, उंच लाटा यामुळे बंदर वगळणं नेहमीचं आहे, टेंडरच्या बंदरांत तर जास्तच. जहाजाकडून घेतलेल्या टूरचे पैसे आपोआप परत येतात.) जहाज उशिरा लागलं तर थांबणार का, की ठरल्या वेळी निघणार? आणि "वेळेत जहाजावर पोहोचवू" ही हमी देतात तिचा अर्थ काय? बहुधा पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च देऊ, एवढाच असतो. जहाज त्यांच्यासाठी थांबत नाही. बुकिंग करताना वेळेबरोबर जहाजाचं नावही द्या, म्हणजे ते स्वतः वेळापत्रक तपासतात.

तिकीटघर
विषय युरोपकडे गेलाच आहे तर रोमबद्दल लिहितो, कारण पुढेमागे सगळे तिथे जातातच.

"रोम" असं वेळापत्रकात असलं तरी जहाज लागतं चिविताव्हेक्यियाला, रोमपासून ऐंशी किलोमीटर. आपापलं जायचं तर धक्क्यापासून बंदराच्या बसने लार्गो देल्ला पाचे या बसथांब्यापर्यंत, तिथून लोकल बस किंवा पायी स्टेशन, मग लोकल गाडीने तासाच्या आतबाहेर. व्हॅटिकनजवळ उतरायचं असेल तर सान पिएत्रो स्टेशन आधी लागतं, रोमच्या मुख्य स्टेशनापर्यंत, तेर्मिनीपर्यंत, जाऊ नका. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

यात धोका गाडीच्या उशिराचा कमी, संपाचा जास्त. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि संपाच्या दिवशीही कामाच्या दिवसांत सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या चालतातच. आता जहाजाच्या वेळा बघा. सकाळी जाताना गाडी मिळते. दुपारी ३ ला परत निघायचं तेव्हा बरोबर मधल्या मोकळ्या पट्ट्यात सापडता. त्यामुळे आदल्या आठवड्यात संपाची बातमी तपासा. संप असेल तर जहाजाची बस.

आणि जहाजाची बस म्हटली की टूरच असं नाही. "ऑन युअर ओन" नावाचा प्रकार असतो, म्हणजे जहाजाची बस रोमला नेऊन सोडते, चार-पाच तासांनी त्याच जागी उचलते, मधला वेळ तुमचा. गाइडच्या मागे फिरायचं नाही, आणि बस अडकली तर जबाबदारी जहाजाची. लांबच्या बंदरांसाठी मला हाच सगळ्यात उत्तम मार्ग वाटतो आणि याच्याबद्दल एजंट सहसा सांगत नाहीत. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्ससाठीही (नव्वद किलोमीटर) हेच बघा. अलेक्झांड्रियाहून कैरो म्हणजे दोनशेवर किलोमीटर, तिथे मात्र पूर्ण टूरच घ्या, पर्याय शोधत बसू नका.

अवांतर: व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. जहाज रविवारी लागत असेल तर त्यानुसार ठरवा.

नकाशावाला
टेंडरवरून ग्रीसचं सँटोरिनी बेट आठवलं. तिथे टूर की स्वतः, हा वाद एका केबल कारपाशी येऊन थांबतो. जहाजं कड्याच्या पायथ्याशी नांगर टाकतात. जुन्या बंदरातून वर कड्यावरच्या ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, नाहीतर सुमारे ५९० पायऱ्या, नाहीतर त्याच पायऱ्यांवरून गाढवं. (गाढवांवर बसू नका. उन्हात दिवसभर चढ-उतार करणाऱ्या जनावरांचे हाल असतात.) केबल कार तासाला साधारण १,२०० माणसं नेते. एका दिवशी दोन मोठी जहाजं असली की चार-पाच हजार माणसं त्याच तारेवर.

जहाजाची टूर घेतली तर टेंडर दुसऱ्या, अथिनिओसच्या धक्क्याला नेते आणि तिथून बस वर चढते, म्हणजे सकाळची रांग वाचते. पण संध्याकाळी बहुतेक टूर फिरातच संपतात आणि खाली यायला तीच केबल कार. त्या रांगेत दीड-दोन तास सहज जाऊ शकतात, टूरवाल्यांचेही. म्हणून वेळ उलटी मोजा. शेवटच्या टेंडरच्या अडीच तास आधी फिरात रांगेची लांबी बघायला या. गुडघे शाबूत असणाऱ्यांनी पायऱ्या उतरायची तयारी ठेवा, फक्त शेणामुळे निसरडं असतं, चपला नकोत, पकड असलेले बूट घाला.

उचगाव_नाका
परदेश राहू द्या, मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचं काय? गोवा, लक्षद्वीप, कोची असते ती.

सागरिका
@उचगाव_नाका, तिन्हींना तीन वेगळी उत्तरं.

गोव्यात जहाज मुरगावला लागतं, वास्कोच्या बाजूला. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. कोल्हापूरकरांनी गोव्याला टूर घेऊन चर्च बघायचं कारण नाही, आपण घाट उतरून कधीही जातो. जहाजावरच थांबा, त्या दिवशी पोहण्याचा तलावही मोकळा असतो आणि जेवणाला रांग नसते.

लक्षद्वीपला स्वतः फिरण्याचा प्रश्नच येत नाही. प्रवेशाला परवाना लागतो, तो क्रूझ कंपनी काढते. जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहतं आणि लहान बोटींनी नेतात. स्नॉर्केलिंग वगैरे जे करायचं ते आधीच बुक करा. कपडे बदलायची सोय साधीच, टॉवेल आणि पायाला रबरी बूट घ्या, प्रवाळ कापतं.

कोचीला खुशाल आपलं आपण जा. विलिंग्डन बेटावरून फोर्ट कोची, मट्टनचेरी जवळ आहे, रिक्षा पुरते. फक्त वार बघा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं प्रार्थनाघर शनिवारी बंद आणि शुक्रवारी दुपारनंतरही. चुकीच्या वारी गेलात तर चिनी जाळी आणि मसाल्याचा बाजार एवढंच उरतं.

मुंबईला पोहोचायचं म्हणाल तर कोल्हापूरहून रात्री सुटणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला येते आणि क्रूझचा धक्का, बॅलार्ड पिअर, तिथून जवळच. पण पावसाळ्यात लोणावळा-कर्जत घाटात दरड आली की गाडी रखडते. त्या दिवसांत एक रात्र आधीचीच गाडी धरा. मुंबईत चुकलेलं जहाज परत मिळत नाही.

उचगाव_नाका
आभारी आहे ताई.

शाहूपुरीकर
एक राहून गेलं. जहाज बंदर सोडतं तेव्हा सगळ्यांचे फोन विमान मोडवर टाका, मुलांचेही. समुद्रात जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क फोन आपोआप पकडतो आणि आपल्या साध्या आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये ते सहसा धरलेलं नसतं. न कळत आलेलं बिल टूरपेक्षा जास्त होऊ शकतं.

रंकाळ्याचा_वारा
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी बारीक माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. मग असं ठरवू का: पेनांगला टूर नाही. फुकेटला मुलांना फी फी हवंय, आई-बाबांना झेपणार नाही. सगळ्यांनी एकत्रच राहायला हवं का?

बंदर_बंदर
एकत्र राहायची सक्ती करू नका. मी तुमच्या जागी हे करेन. तुम्ही दोघांपैकी एक जण मुलांना घेऊन जहाजाची फी फी टूर करा. ही टूर वेळेवर परतायची जबाबदारी जहाजाची. दुसऱ्याने आई-बाबांना घेऊन दहा-साडेदहाच्या टेंडरने उतरायचं, तोवर चिठ्ठ्यांची गर्दी ओसरते. व्हॅन ठरवून वाट चालाँगचं देऊळ आणि जुनं शहर, दीडपर्यंत परत. जुन्या शहरातही फाइव्ह-फूट वेचाच प्रकार आहे, आईंना गाडीतूनच गल्ल्या दाखवा.

स्पीडबोट दणके देते, पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्याने बसू नये. सात वर्षांच्या मुलीला मागच्या बाजूला बसवा, पुढे सगळ्यात जास्त आपटतं. टूरला वयाची अट आहे का तेही विचारा.

टेंडरचं आईंसाठी आधीच बघा. जहाजातून बोटीत पाय टाकताना मध्ये फळी असते, लाट असेल तेव्हा दोन्हींची पातळी फूटभर वरखाली होते. दोन्ही बाजूंना खलाशी हात धरतात, त्यांनी "आता" म्हटल्यावरच पाऊल टाकायचं. घाई केली की पाय मुरगळतो. समुद्र जास्त खवळलेला दिसला तर त्या दिवशी आईंनी वर थांबलेलं बरं.

पायी_पायी
मला अजूनही वाटतं फुकेटला सगळ्यांनी मिळून पातोंगजवळच निवांत राहावं. सहा जण दोन दिशांना, दोन घड्याळं, एकाच संध्याकाळी शेवटची टेंडर. काळजीच जास्त.

सागरिका
काळजी फोनवर मिटते. तिथलं सिम किंवा रोमिंग दोन्ही गटांकडे असू द्या. आणि मुलांना एकदाच तर जायचंय, जाऊ द्या की.

मलेशिया आणि थायलंड दोन्हीकडे येण्याआधी प्रवेशाचं ऑनलाइन कार्ड भरायचं असतं, पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून. दोन्ही सरकारी आणि फुकट. पैसे मागणाऱ्या सारख्या दिसणाऱ्या वेबसाइट आहेत, त्यांच्यावर भरू नका. तुमच्या क्रूझला कुठलं लागतं ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि सिंगापूरच्या व्हिसावर पुन्हा प्रवेश चालतो ना तेवढं बघा, कारण क्रूझ संपवून तुम्ही सिंगापूरला परत येणार.

रंकाळ्याचा_वारा
ठरलं. फी फीची जहाजाकडून तिघांची टूर, बाकी आपलं आपण. शेवटचे दोन प्रश्न. आई घरून दशम्या आणि चटणी नेणार, ती खाली नेली तर चालते का? आणि पेनांगला त्या सायकल रिक्षा असतात त्यात आई-बाबा बसतील का?

मंगळवार_पेठ
बंद पाकिटातलं कोरडं खाणं बहुतेक ठिकाणी अडवत नाहीत. फळं, शिजवलेले पदार्थ आणि जहाजाच्या जेवणघरातलं काहीही खाली न्यायचं नाही, उतरताना बॅग तपासू शकतात. दशम्या केबिनमध्ये सकाळीच खाऊन निघा, खाली बिस्किटं आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्या.

सायकल रिक्षात (तिथे ट्रायशॉ) माणसं पुढे बसतात आणि चालवणारा मागे, त्यामुळे बसायला पायरी बेताचीच. भाडं तासावर ठरवा, निघण्याआधी, आणि ते गाडीचं की माणशी हे स्पष्ट विचारा. एकात दोघंच बसतात, सगळ्यांनी बसायचं तर तीन लागतील.